भलत्या दाराशी पडलेली किल्ली : पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती भाष्यकार बायबल कसं वाचत?

काटेसावर

आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेला आजी स्तोत्रसंहिता वाचायची. रोज एक स्तोत्र, ओळीने. १३७ वं आलं की बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे, वाळुंजांवर वीणा टांगून ठेवणारे ते बंदिवान ती इतक्या सावकाश वाचायची की आम्ही मुलंही गप्प व्हायचो. शेवटच्या वचनाआधी मात्र ती थांबायची आणि पुस्तक मिटायची. दहा-अकरा वर्षांची असताना मी ते वचन चोरून वाचलं. बाबेलला उद्देशून म्हटलंय की तुझी तान्ही लेकरं उचलून जो खडकावर आपटेल तो धन्य. आजीला विचारलं, तर म्हणाली, "ते मला कळत नाही गं, म्हणून वाचत नाही."

पुढे कितीतरी वर्षांनी ओरिजेन, तिसऱ्या शतकातला आलेक्सांद्रियाचा ख्रिस्ती भाष्यकार, हाती आला, तेव्हा कळलं की आजीची अडचण फार जुनी आहे. सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर कडक टीका लिहिली होती. तिला ओरिजेनने सुमारे इ.स. २४८ मध्ये आठ खंडांत उत्तर दिलं आणि त्यात नेमकं हे वचन घेतलं. बाबेल या नावाचा अर्थ गोंधळ. गोंधळलेल्या मनात नुकते जन्मलेले दुष्ट विचार ही बाबेलची तान्ही लेकरं, आणि ते मोठे होऊन मूळ धरण्याआधी विवेकाच्या, देवाच्या शब्दाच्या टणक खडकावर आपटायचे. पुढे उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन यानेही हेच स्तोत्र सांगताना खडक म्हणजे ख्रिस्त असं म्हटलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चक्क पळवाट वाटली होती. मग 'तत्त्वांविषयी' या त्याच्या ग्रंथाचा चौथा भाग वाचला आणि मत बदललं. तिथे तो स्वतःच विचारतो : सूर्य, चंद्र, तारे निर्माण होण्याआधी पहिला, दुसरा, तिसरा दिवस झाला, संध्याकाळ झाली, सकाळ झाली, हे कोणता शहाणा माणूस शब्दशः खरं मानेल? देवाने एखाद्या शेतकऱ्यासारखी बाग लावली? सैतानाने येशूला एका उंच डोंगरावर नेऊन पारशांची, सिथियनांची, हिंदुस्थानातल्यांची राज्यं दाखवली, ती देहाच्या डोळ्यांना कोणत्या डोंगरावरून दिसतील? त्याचं उत्तर असं की हे अडथळे देवाने मुद्दाम पेरले आहेत. मजकूर सगळीकडे सुरळीत वाहत राहिला असता तर वाचणारा वरवरच थांबला असता. ठेच लागते, म्हणून तो खाली बघतो. माणसाला शरीर, जीव आणि आत्मा, तसे शास्त्रालाही तीन थर, असं तो मांडतो.

एक गोष्ट त्याने आपल्या एका हिब्रू गुरूकडून ऐकली म्हणून सांगितली आहे. सगळं शास्त्र म्हणजे खूप खोल्यांचं एक घर. प्रत्येक खोलीला कुलूप, प्रत्येक दाराशी एक किल्ली ठेवलेली, पण ती त्या दाराची नाही. किल्ल्यांची अदलाबदल झाली आहे. कोणती किल्ली कोणत्या कुलपाला लागते हे शोधणं, हेच सगळ्यांत मोठं काम.

हा माणूस अक्षराबद्दल बेफिकीर होता असं कृपया समजू नका. त्याने जुन्या कराराचे सहा रकाने शेजारी शेजारी मांडले : हिब्रू, तेच हिब्रू ग्रीक लिपीत, मग चार ग्रीक भाषांतरं, अक्विलाचं, सिम्माखसचं, सेप्टुआजिंट हे सगळ्यांत जुनं, आणि थिओडोशनचं. या कामात कित्येक वर्षं गेली. अर्थ सैल सोडणारा माणूस असा शब्दाला शब्द लावत बसेल का?

इथे संस्कृत जाणणारे, वसईकडचे, नगरकडचे बरेच वाचक आहेत. तुम्ही हे कसं बघता ते वाचायला आवडेल.

मीमांसाप्रेमी

ताई, फार दिवसांनी इथे असा धागा आला.

तुम्ही सांगितलेली 'ठेच' वाचून लगेच मुख्यार्थबाध आठवला. 'गंगायां घोषः', गंगेवर गवळीवाडा. प्रवाहावर वाडा वसू शकत नाही, म्हणजे मुख्य अर्थ अडतो, आणि तो अडतो म्हणूनच आपण 'गंगेच्या काठावर' या लक्ष्यार्थाकडे जातो. वाक्यात अडचण नसेल तर लक्षणेला दार उघडत नाही. ओरिजेनने तिसऱ्या शतकात, अगदी वेगळ्या परंपरेत, याच खाचेवर बोट ठेवलं हे वाचून मी थबकलो.

एक शंका आहे. काव्यशास्त्रकार मम्मट लक्षणेला तीन अटी घालतो : मुख्यार्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध पाहिजे, आणि रूढी किंवा प्रयोजन पाहिजे. गंगा आणि तिचा काठ यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. तान्हं बाळ आणि वाईट विचार यांचा कुठला? दुसरी अट नसेल तर कुणीही काहीही म्हणेल. ओरिजेनकडे या अटीच्या जागी काय आहे?

अनघड

मी स्पष्टच लिहितो, राग नसावा. मला हे सगळं ओढूनताणून वाटतं. बर्नबाच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं पत्र आहे. उत्पत्तीत अब्राहाम ३१८ माणसं घेऊन लढायला निघतो, तर हा लेखक म्हणतो, ग्रीक अंकलेखनात दहा म्हणजे योटा, आठ म्हणजे ईटा, ही येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरं. तीनशे म्हणजे टाऊ, त्याचा आकार क्रुसासारखा. झालं, अब्राहामाला येशू आणि क्रूस आधीच ठाऊक होते! मूळ कथा हिब्रूत, अंकांचा खेळ ग्रीकमध्ये. याला वाचन कसं म्हणायचं?

काटेसावर

अनघड, राग कसला. ३१८ चं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, मलाही ते पटत नाही. हा लेखक ते मोठ्या अभिमानाने सांगतो, याहून अस्सल शिकवण मी कुणाला दिली नाही म्हणतो. त्याला त्यात खरोखर आनंद झाला होता एवढंच मी त्याच्या बाजूने म्हणेन.

मात्र 'कुणीही काहीही म्हणेल' ही भीती त्या लोकांनाही होती. ल्योंचा बिशप आयरेनेयस सुमारे इ.स. १८० मध्ये नेमकं हेच लिहितो. कुशल कारागिराने रत्नांचे खडे जडवून राजाचं सुंदर चित्र केलं. कुणीतरी ते खडे उचकटले, कुत्र्याचं नाहीतर कोल्ह्याचं बेढब चित्र मांडलं आणि सांगत सुटला की हाच तो राजा, बघा, खडे तेच आहेत ना! ज्यांनी राजा पाहिलाच नाही ते फसतात. त्याचा रोख व्हॅलेंटिनसच्या पंथावर होता. ते बायबलचीच वाक्यं घेत आणि भलतंच विश्व उभं करत. आयरेनेयसचं म्हणणं, राजाचा चेहरा आधी ठाऊक हवा. हा चेहरा म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेला 'सत्याचा नियम' : एक देव, त्यानेच जग केलं, त्याचाच पुत्र देहधारी झाला. मीमांसाप्रेमी, तुमच्या दुसऱ्या अटीचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं त्या किल्ल्यांच्या गोष्टीतच आहे. एका वचनाची किल्ली दुसऱ्या वचनापाशी सापडते. बाळ आणि विचार यांचा संबंध ओरिजेन हवेतून आणत नाही. बाबेल म्हणजे गोंधळ, हा अर्थ उत्पत्तीत बुरुजाच्या कथेत दिलेला आहे. खडक म्हणजे ख्रिस्त, हे प्रेषित पौलाने करिंथकरांच्या पत्रात म्हटलंय. ही वाचायची रीत पौलापासूनच सुरू झाली. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नको, असा मोशेच्या नियमशास्त्रात नियम आहे. तो उचलून पौल विचारतो, देवाला बैलांची काळजी आहे की हे आपल्यासाठी लिहिलंय? गलतीकरांच्या पत्रात अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा हे दोन करार आहेत असं तो उघड सांगतो.

आणि हे सगळं कशासाठी चाललं होतं तेही बघा. मार्सियन नावाचा एक ख्रिस्ती शिक्षक म्हणत होता, जुना करार टाकूनच द्या, तो देव वेगळा, येशूचा पिता वेगळा. इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढलं. मार्सियन बायबल अगदी शब्दशः वाचत होता आणि शब्दशः वाचूनच त्याने ते फेकून दिलं. आजीने एक वचन गाळलं, त्याने सगळा ग्रंथ गाळला. ओरिजेन म्हणाला, एकही वचन गाळायचं नाही.

वसईचा_माळी

आमच्या चर्चमध्ये चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लुटून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी ओलांडून जातात, शोमरोनी मात्र त्याला उतारशाळेत नेतो आणि मालकाला दोन दिनार देतो, ती येशूची बोधकथा) दरवेळी 'शेजाऱ्याला मदत करा' असाच ऐकला होता. एकदा पाहुणे फादर आले होते, त्यांनी तो जुन्या रीतीने उलगडला आणि त्या दिवशीची मिस्सा अजून लक्षात आहे.

ओरिजेन लूकवरच्या चौतिसाव्या प्रवचनात हा अर्थ एका वडीलधाऱ्याच्या तोंडचा म्हणून सांगतो. यरुशलेमहून यरीहोला खाली उतरणारा माणूस म्हणजे आदाम. यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे हे जग. लुटारू म्हणजे शत्रुशक्ती. बघून पुढे निघून गेलेला याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे. दोघांनाही त्याला उचलता आलं नाही. जखमा म्हणजे आज्ञाभंग. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, त्याचं जनावर म्हणजे त्याचा देह, ज्याच्यावर तो घायाळाला वाहून नेतो. उतारशाळेचा ग्रीक शब्द आहे पांदोखेइओन, 'सगळ्यांना घेणारी', ती म्हणजे मंडळी. दोन दिनार म्हणजे पिता आणि पुत्र. आणि 'मी परत आल्यावर फेडीन' हे ख्रिस्ताचं दुसरं येणं.

ऑगस्टिनने त्यात आपली भर घातली. यरीहो या नावाचा संबंध चंद्राशी, आणि चंद्र वाढतो, कमी होतो, मावळतो, म्हणून यरीहो म्हणजे आपलं मर्त्यपण. उतारशाळेचा मालक त्याच्या मते पौल.

त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःला रस्त्यात पडलेल्याच्या जागी ठेवून ही गोष्ट ऐकली. आजवर कायम शोमरोन्याच्या जागी उभा राहून ऐकत आलो होतो. घरी येऊन बायकोला सगळं पुन्हा सांगितलं, भात निवला तरी बोलत होतो.

जाता जाता : फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण गोव्यात रायतूरला १६१६ मध्ये छापलं. त्याच्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा आहे आणि दुसऱ्यात ख्रिस्ताची. पहिली कथा दुसरीची वाट बघत उभी आहे असं जुना करार वाचणं याच मंडळींकडून चालत आलेलं, आणि आपल्याकडे ते मराठी ओवीत आलं.

सांजदिवा

नोकरीनिमित्त नऊ वर्षं कोट्टायमला आहे, इथल्या सीरियन ख्रिस्ती शेजाऱ्यांमुळे या विषयाची गोडी लागली. आतापर्यंत धाग्यावर फक्त ओरिजेनची, आलेक्सांद्रियाची भाष्यपरंपरा आली, सीरियातल्या अंत्युखियाची राहिली. तिच्याशिवाय चित्र अपुरं आहे.

तार्ससचा दियोदोर आणि त्याचा शिष्य मोप्सुएस्तियाचा थिओदोर हे अंत्युखियाचे. थिओदोरचा मृत्यू इ.स. ४२८ चा. त्याला रूपकाची चीड होती. गलतीकरांच्या पत्रावर लिहिताना तो म्हणतो : हे लोक आदामाला आदाम म्हणत नाहीत, नंदनवनाला नंदनवन म्हणत नाहीत, सापाला साप म्हणत नाहीत. मग आज्ञा कुणी मोडली? मरण कुठून आलं? आणि ते घडलंच नसेल तर ख्रिस्ताने नेमकं काय दुरुस्त केलं? पौलाने हागार-सारेला रूपक म्हटलं हे खरं, पण त्या दोघी होऊन गेल्या हे त्याने नाकारलं नाही. आधी घटना, मग तिच्यात दिसणारं मोठं काही. या दुसऱ्या पायरीला अंत्युखियावाले 'थेओरिया', म्हणजे दर्शन, म्हणत.

दाखल्यांबद्दल याच परंपरेतल्या योहान ख्रिसोस्तमचं म्हणणं मला फार पटतं. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला सांगताना तो बजावतो की दाखल्यातला शब्द न् शब्द किसत बसू नका, तो कशासाठी सांगितला ते धरा, तेवढं घ्या. माळी, तुमच्या फादरांचं प्रवचन सुंदरच असणार, पण ख्रिसोस्तमने दोन दिनारांचा अर्थ शोधायला नकार दिला असता असं मला वाटतं.

आता आपल्या जवळची गोष्ट. इ.स. ५५३ च्या धर्मसभेत थिओदोरचा धिक्कार झाला. त्याच सभेच्या नावावर ओरिजेनचाही धिक्कार आहे. दोन टोकांचे दोघे, एकाच सालात बाहेर. पण इराणातल्या पूर्वेच्या मंडळीने थिओदोरला सोडलं नाही. त्यांच्याकडे नुसतं 'भाष्यकार' म्हटलं की तोच. आणि सहाव्या शतकातला कॉस्मास हा व्यापारी लिहितो की मलबारात ख्रिस्ती आहेत आणि कल्लियाना नावाच्या ठिकाणी इराणहून नेमलेला बिशप आहे. ही कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर उल्हास नदीच्या त्या बंदरात, ज्ञानेश्वरीच्या सातशे वर्षं आधी, थिओदोरला मानणाऱ्या मंडळीचा बिशप बसत होता. कॉस्मास स्वतः याच शिकवणीतला. लोकलने कल्याण ओलांडताना मला हे दरवेळी आठवतं.

मीमांसाप्रेमी

सांजदिवा, कल्याणचं अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

थिओदोरचा आग्रह मला अभिधेच्या बाजूने लढणाऱ्याचा वाटतो : वाच्यार्थ हातातून सुटू देऊ नका. पण दोघांच्या भीती वेगळ्या आहेत हे आता दिसतंय. ओरिजेनला भीती आहे की अक्षराला चिकटलो तर देव क्रूर आणि लहान ठरेल. थिओदोरला भीती आहे की अक्षर सोडलं तर तारण घडलेली गोष्ट राहणार नाही, स्वप्न होईल. कोण काय जपतोय हे बघून वाचलं तर भांडण समजतं.

अनघड

माझा सूर जरा खाली आलाय, हे प्रामाणिकपणे सांगतो. खड्यांच्या चित्राचं उदाहरण आवडलं.

पण एक दुखणं आहे आणि ते धाग्यावर यायलाच हवं. हा ग्रंथ मुळात ज्यूंचा. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याचा त्रिफो नावाच्या ज्यूशी झालेला संवाद वाचलाय मी. त्यात जस्टिन म्हणतो, हे तुमच्या शास्त्रात आहे, नव्हे, तुमच्या नाही, आमच्या. कारण तुम्ही वाचता, पण त्यातला आत्मा तुम्हाला सापडत नाही. एखाद्याच्या घरात शिरून, 'या खोल्या तुला कळत नाहीत, सबब घर आमचं' म्हणण्यासारखं आहे हे. पुढे युरोपात ज्यूंचं जे झालं त्याची एक मुळी इथे आहे असं मला वाटतं.

काटेसावर

अनघड, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मूळ लेखात मीच लिहायला हवं होतं. जस्टिनचं ते वाक्य मलाही सलतं, आणि ओरिजेनही ज्यूंच्या शब्दशः वाचनाबद्दल कठोर बोलतो. पण तोच ओरिजेन पॅलेस्टाइनमधल्या कैसरियात ज्यू विद्वानांशी बोलायचा, त्यांना अर्थ विचारायचा, आणि किल्ल्यांची ती गोष्ट एका हिब्रू माणसाची आहे हे त्याने नाव न घेता का होईना, पण लिहून ठेवलं. ज्या उपमेवर माझा सगळा लेख उभा आहे ती ज्यू घरातून आलेली आहे. रूपकाची रीतही पौलाच्या काळात आलेक्सांद्रियाचा फिलो हा ज्यू तत्त्वज्ञ वापरत होताच.

ऑगस्टिनचं एक सूत्र इथे उपयोगी पडेल. 'ख्रिस्ती शिकवणीविषयी' हा ग्रंथ त्याने ३९६ च्या सुमारास हाती घेतला आणि ४२६ च्या सुमारास पुरा केला. त्यात तो म्हणतो, ज्या अर्थातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र कळलेलंच नाही. आणि एखाद्याने लेखकाच्या मनात नसलेला अर्थ लावला पण तो प्रीतीकडे नेत असेल, तर तो रस्ता चुकून शेतातून चालत त्याच गावी पोचलेल्या वाटसरूसारखा आहे. त्याला खोटं पाडू नका, पण रस्ता दाखवा, नाहीतर रस्ता सोडायची सवय लागून एक दिवस भलत्याच गावी जाईल. या मापाने जस्टिनचं वाक्य मोजलं तर ते उणं भरतं. शेजारी तर समोर बसलेला त्रिफोच होता.

सांजदिवा

यात एक आवाज सीरियाक भाषेचाही जोडते. निसिबिसचा एफ्रेम, मृत्यू इ.स. ३७३. भाष्यही लिहायचा, पण मुख्यतः गीतं रचायचा, आणि ती बायकांच्या गायकवृंदाकडून गाऊन घ्यायचा. तो म्हणतो, शास्त्र झऱ्यासारखं आहे. तहानलेला पोटभर पितो आणि खूश होतो, झरा संपवता आला नाही म्हणून रडत बसत नाही. झरा आटला नाही तर पुन्हा तहान लागेल तेव्हा पुन्हा पिता येईल. आपल्याला सापडला तेवढाच अर्थ त्यात आहे असं कुणी समजू नये.

वसईचा_माळी

काटेसावरताई, एक विचारायचं राहिलं. ओरिजेनचा धिक्कार झाला असं वर आलंय, मग त्याचं लिखाण उरलं कसं? आणि १३७ व्या स्तोत्रावरचं त्याचं प्रवचन कुठे वाचायला मिळेल का?

काटेसावर

माळीदादा, पुष्कळसं गेलं. रोमन बादशहा डेशियसच्या छळात त्याला तुरुंगात हालहाल करून सोडलं, त्यानंतर थोड्याच वर्षांत तो वारला. धिक्कारानंतर मूळ ग्रीक पोथ्यांच्या नकला कोण करणार? बरंच काही रुफिनस आणि जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरांतच उरलं.

पण २०१२ मध्ये म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात ग्रीक पोथ्यांची सूची करताना मरीना मोलिन प्रादेल यांच्या हाती एक जुनी पोथी आली. आत कुणाचं नाव नव्हतं. स्तोत्रांवरची २९ प्रवचनं होती, आणि त्यांतली काही रुफिनसने लॅटिनमध्ये केलेल्या ओरिजेनच्या प्रवचनांशी जुळली. अशी ती ओळखू आली. इतकी शतकं ती तिथे कपाटात होती.

१३७ वं त्यात नाही. मीही आधी तेच शोधलं होतं, आजीसाठी. सगळ्यांत जास्त, नऊ प्रवचनं, ग्रीक क्रमाच्या ७७ व्या स्तोत्रावर आहेत, आपल्या मराठी बायबलात ते ७८ वं. त्याच्या दुसऱ्याच वचनात स्तोत्रकर्ता म्हणतो, मी दाखला सांगायला तोंड उघडीन, प्राचीन काळची गूढं बोलेन.